कॉलेजच्या फॉर्मआधीचा हिशेब

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना तोंडी सांगितलेले आकडे छापताना नीट मांडून घेतले आहेत.)



जेवणात जिलेबी ठेवून लगेच पैशांवरचं भाषण ठेवणाऱ्या संयोजकांना माझा नमस्कार. ज्यांना डुलकी येईल त्यांनी मागच्या बाकांवर जावं. ते बाक कोणाचे होते हे आपल्याला माहीत आहे, आणि आजही तेच तिथे बसलेत.

हा विषय मला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपनेच दिला. गेल्या दोन वर्षांत ग्रुपवर सुप्रभात सोडून सगळ्यात जास्त काय आलं असेल, तर मुलांच्या प्रवेशाचे प्रश्न. ‘नव्वद पर्सेंटाईलला पुण्यात काय मिळेल?’, ‘मॅनेजमेंट कोट्यातून घ्यावं का?’, ‘बँक किती देते?’ आपण सगळे पंचेचाळिशी ओलांडलेले. कोणाचं पोर नववीत आहे, कोणाचं बारावीत, आणि ज्यांनी लवकर लग्न केलं त्यांची पोरं हप्ते फेडतायत. मी सरकारी बँकेत नोकरी करते आणि बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसले आहे. आज मात्र बँकेच्या वतीने बोलत नाही, त्यामुळे बँकेचं नावही घेत नाही.

टेबलाच्या त्या बाजूला बसून मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. वडील येतात, सोबत मुलगा किंवा मुलगी असते. मी विचारते, एकूण खर्च किती येईल? वडील मुलाला म्हणतात, ‘तू जरा बाहेर बस.’ ज्याच्या नावावर कर्ज निघणार, ज्याच्या पगारातून हप्ता कापला जाणार, तोच बाहेर. आपल्याकडे पोरांसमोर पैशाचं बोलायचं नाही ही रीत आहे. त्यांच्या डोक्यावर ओझं नको, अभ्यासात लक्ष राहू दे. भावना चांगली आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की अंथरूण किती लांब आहे हे मुलाला कधी दाखवलंच जात नाही, आणि पाय कुठवर पसरायचे हे मात्र त्याने ठरवायचं असतं.

माझं आजचं सांगणं एवढंच आहे की कॉलेजच्या पसंतीचा फॉर्म भरण्याआधी घरातला आकडा मुलांसमोर बोला. तोही दहावीच्या सुट्टीत. बारावीच्या निकालानंतर फार उशीर होतो, कारण तेव्हा हातात चार दिवस असतात आणि चार दिवसांत माणूस फक्त घाबरतो, हिशेब करत नाही.

आता हा आकडा कसा काढायचा. बहुतेक जण फी म्हणजेच खर्च धरतात. फी हा त्यातला एक भाग. आपल्या भागातल्या मुलाने पुण्यात खासगी कॉलेजात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला असं धरू. फी दीड लाख धरू. त्यावर खोलीचं भाडं, मेस, वसतिगृहाचं डिपॉझिट, लॅपटॉप, येण्याजाण्याचा एसटीचा खर्च, प्रोजेक्ट, परीक्षा शुल्क आणि कधीतरी दवाखाना. पुण्यात राहणं-खाणं आणि हे बाकीचं मिळून आणखी दीड लाख सहज होतात. म्हणजे वर्षाला तीन, चार वर्षांना बारा लाख. पहिल्या वर्षी डिपॉझिट आणि लॅपटॉपमुळे जास्तच लागतात. हे माझे अंदाजाचे आकडे आहेत, तुमचे तुम्ही मांडा. महाराष्ट्रातल्या खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय पाहता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. यातलं काही पावतीशिवाय मागितलं, तर ती देणगी नाही. कॅपिटेशन फी घ्यायला आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्यापासून बंदी आहे. आणि आमच्याकडचा नियम साधा आहे. ज्या पैशाला पावती नाही त्या पैशाला कर्ज नाही.

आकडा आला की लगेच कर्जाकडे धावू नका. आधी बघा, यातलं काय माफ होतं. इथे आपली माणसं सगळ्यात जास्त पैसे सोडून देतात, आणि तेही एका दाखल्यापायी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी शासन भरतं. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. उत्पन्नाची अट तीच, आठ लाखांची. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. गावाबाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात, आणि एकदा भरून काम संपत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

आता ग्रुपवरच्या त्या मॅनेजमेंट कोट्याच्या प्रश्नाकडे येते. ही फीमाफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या जागेला आहे. संस्था स्तरावरची जागा घेतली की ती हातची गेली. एका मुलीच्या घरच्यांनी ‘नावाजलेलं कॉलेज आहे’ म्हणून तशी जागा घेतली आणि मग कागद घेऊन माझ्याकडे आले. तिला कॅपमधून दुसरं एक चांगलं कॉलेज मिळत होतं, तिथे तिची फी शून्य होती. मुलीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिने माझ्यासमोर वडिलांना विचारलं, ‘अप्पा, मग मला तिथंच का नाही घातलं?’ अप्पांकडे उत्तर नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं की मुलीला जास्तीत जास्त द्यावं, आणि जास्तीत जास्त म्हणजे जास्तीत जास्त महाग असा अर्थ त्यांनी घेतला होता.

दाखल्यांचं सांगते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, जात वैधता प्रमाणपत्र, आधारला जोडलेलं मुलाच्या नावाचं बँक खातं. ही फाईल मूल अकरावीत असतानाच तयार करायला घ्या. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखला मुदतीचा असतो, तो वेळेवर ताजा करायचा. जात वैधतेला मात्र आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यापासून सुरुवात होते, त्याला महिने लागतात. जूनमध्ये तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे असलेले पालक मी दरवर्षी बघते. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी फीची नसते, दाखल्याची असते.

मग येते बचत. गणिताचे सर पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे गणित जपून करते. सर, चुकलं तर हात वर करा. महिन्याला पाच हजार, सात टक्क्यांनी, पंधरा वर्षं टाकले तर जवळपास सोळा लाख होतात. तेच सोळा लाख पाच वर्षांत जमवायचे म्हटले तर महिन्याला बावीस हजारांच्या वर टाकावे लागतात. आपल्यातल्या बहुतेकांची पंधरा वर्षं गेली आहेत. पण ज्यांची धाकटी अजून तिसरी-चौथीत आहे, त्यांनी ऐकावं. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडा. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मी रक्कम काढता येते. मुलाला पीपीएफ आहे, पोस्टातली आवर्ती ठेव आहे. म्युच्युअल फंडाचं ज्याला कळतं त्याने ते करावं, पण प्रवेशाला दोन-तीन वर्षं उरली की पैसा बाजारातून काढून मुदत ठेवीत आणावा, कारण बाजार कॉलेजच्या तारखा पाळत नाही. आणि ‘मुलांच्या शिक्षणाची पॉलिसी’ म्हणून जे गळ्यात मारलं जातं, त्याचा परतावा किती हे विकणाऱ्याला लेखी विचारा. बराच वेळ शांतता पसरते.

आता कर्ज. कर्जाला मी वाईट म्हणणार नाही, माझं पोट त्यावर आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी जो निधी काढला, तोही फुकट वाटला नाही, कर्जाऊ दिला, म्हणजे परत आलेल्या पैशातून पुढचा शिकेल. शिकण्यासाठी घेतलेलं कर्ज ही आपल्याकडे जुनी आणि इभ्रतीची गोष्ट आहे. फक्त ते घेताना कळलं पाहिजे.

सरकारी बँकांत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर घर-जमीन-ठेव असं काहीतरी लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते प्रवेशाआधी बघायचं. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, टप्प्याटप्प्याने कॉलेजच्या खात्यात जातात. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. ‘सहकर्जदार’ हा शब्द जामीनदारापेक्षा जड आहे. मुलाने भरलं नाही तर बँक तुमच्याकडे येते, आणि सिबिल दोघांचं बिघडतं.

पण सगळ्यात मोठा गैरसमज असतो तो सवलतीच्या काळाबद्दल. कोर्स आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटतं, व्याजही नसतं. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. आपण मघाचं बारा लाखांचं उदाहरण घेऊ. सहा लाख घरातून घालायचे, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार, आणि सहा लाख कर्ज, दरवर्षी दीड लाख, व्याज दहा टक्के धरू. चार वर्षं आणि वरचं एक, अशा पाच वर्षांत सरळव्याज होतं २ लाख १० हजार. ते मुद्दलात मिळतं. मुलगा नोकरीला लागतो तेव्हा त्याच्यावर सहा नव्हे, ८ लाख १० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण १० हजार ७००.

आता दुसरी रीत. व्याज तेवढं दर महिन्याला भरत राहायचं. पहिल्या वर्षी महिन्याला साडेबाराशे, दुसऱ्या वर्षी अडीच हजार, तिसऱ्या वर्षी पावणेचार, मग पाच. मुलाचा हप्ता येतो साधारण ७ हजार ९००. तुम्ही भरलेलं व्याज धरूनही एकूण सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात, विचारून घ्या. पहिल्या वर्षीचे ते साडेबाराशे रुपये म्हणजे घरातल्या दोन मोबाईलचं रिचार्ज आणि वर एखादं बाहेरचं जेवण. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की मुलाला दर महिन्याला त्या व्याजाचा मेसेज येतो. एका पोराने मला सांगितलं होतं, ‘मॅडम, तो मेसेज आला की मी एक लेक्चर कमी बुडवतो.’ सगळी नव्हे, एकच. पण खरं बोलला.

कर्ज किती झेपेल याचा अंदाज पगारावरून घ्यायचा, आणि पगार कॉलेजच्या बॅनरवरच्या ‘हायेस्ट पॅकेज’वरून काढायचा नाही. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपल्या नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यमान पगार जाहीर करतात, तो बघा. मध्यमान म्हणजे सर्वांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधोमध जो उभा आहे त्याचा पगार. आपलं पोर बहुधा मधेच कुठेतरी असणार. आपणही तिथेच होतो.

परदेशाबद्दल थोडक्यात सांगते, कारण दोघा-तिघांनीच विचारलंय. तिथे फीइतकाच रुपया महत्त्वाचा. २०१४ साली डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२५ संपताना नव्वदीला गेला. खर्च डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयांत असेल, तर दुसऱ्या वर्षाचा खर्च आजच्या भावाने मांडू नका. आणि तिथे नोकरी मिळालीच नाही, इथे परत यावं लागलं, तर इथल्या पगारात हप्ता बसतो का, हे आधी मांडा.

जे करू नका असं मी हात जोडून सांगते, ते म्हणजे भविष्य निर्वाह निधी मोडणं आणि जमीन विकणं. मुलाला कर्ज देणारी खिडकी आमच्याकडे आहे. तुमच्या म्हातारपणाला कर्ज देणारी खिडकी, राहतं घर गहाण ठेवण्याची योजना सोडली तर, नाही. मुलासाठी सगळं दिलं म्हणणाऱ्या बापाचं पुढे काय होतं, तर तो त्याच मुलाच्या हप्त्यात हात घालतो. तेव्हा मुलाचं लग्न झालेलं असतं.

भावंडांचं राहिलं. पहिल्याच्या वेळी उत्साहात सगळं संपतं आणि दुसरी मुलगी असेल तर तिला ‘तू सातारलाच बीएस्सी कर’ म्हणतात. मुलासाठी पैसे ‘उभे केले’ जातात आणि मुलीसाठी ‘बघू’ असतं. मैत्रिणींनो, हे आपल्या वेळी झालं, आपल्यातल्या चौघींनी तरी दहावीनंतर शाळा सोडली ती गुण कमी होते म्हणून नव्हे. म्हणून दोघांचा आकडा एकाच कागदावर लिहा. आणि काकाने, मामाने दिलेली मदतही त्याच कागदावर लिहा. ती भेट आहे की परत करायची आहे, हे तेव्हाच बोलून घ्या. न बोललेले दोन लाख पुढे वाटणीच्या वेळी वीस लाखांसारखे बोलले जातात. माझ्या टेबलावर असे भाऊ येऊन गेलेत.

मुलांना आकडा सांगितला की ती खचतात, असं बाई मघाशी चहाच्या वेळी म्हणाल्या. बाई, माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीला जाणारी किती मुलं मी बघते, ती वाट बहुतेक वेळा मुलानेच काढलेली असते. खर्च निम्म्याच्या आसपास येतो आणि हातात डिप्लोमा असतो. ती वाट त्यांना दिसते, कारण घरात कोणीतरी आकडा बोललेलं असतं. मात्र आकडा सांगायचा म्हणजे ऐकवायचा नाही. ‘तुझ्यासाठी आम्ही किती सोसलं’ हे वाक्य त्या कागदावर येऊ देऊ नका.

शेवटी एक प्रस्ताव, आणि मग चहा. या मेळाव्याच्या वर्गणीतून जी रक्कम उरणार आहे, तिचं शाळेला प्रवेशद्वार करून द्यावं असं ठरतंय. प्रवेशद्वाराला माझा विरोध नाही. पण आपल्या शाळेतून बारावीला गेलेल्या मुलांची खरी अडचण जून ते ऑगस्टमध्ये येते. कॅपमध्ये जागा लागते, ती पक्की करायला दोन-चार दिवसांत पैसे भरायचे असतात, आणि शिष्यवृत्ती, कर्ज, उसाचं बिल, सगळं नंतर येणार असतं. वीस-पंचवीस हजारांपायी जागा जाते, किंवा सावकार येतो. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना राहण्या-जेवण्याचा आधार देत आली आहे. आपण तेवढे मोठे नाही. पण उरलेल्या पैशातून आपण बिनव्याजी फिरता निधी करू शकतो. दहा-बारा मुलांना पंचवीस हजारांपर्यंत द्यायचे, शिष्यवृत्ती किंवा कर्ज मंजूर झालं की परत घ्यायचे, पुढच्या जूनला पुन्हा द्यायचे. पैसे कॉलेजच्या खात्यात भरायचे, घरच्यांच्या हातात नाही. ठरवायला तिघं, त्यात शाळेतले एक शिक्षक, आणि एक आपल्या तुकडीबाहेरचं माणूस. हिशेब दर दिवाळीत ग्रुपवर टाकायचा. बुडाले तर किती बुडाले तेही टाकायचं.

हिशेब ठेवायचं काम मी करते. दाखल्यांची फाईल बघायला तहसीलमधला आपला मित्र तयार आहे, तो मागच्या बाकावर बसलाय आणि आत्ता मान हलवतोय. तिसरं माणूस हवंय. चहाच्या टेबलापाशी मी कागद घेऊन उभी आहे.